इंग्रजीचा पहिला तास

जूनमध्यें शाळा उघडते, तेव्हां इंग्रजीच्या पहिल्याच तासास कित्येक मुलांची वाचा बसते. ही भीति इंग्रजीची नसून हंसें होण्याची असते. म्हणून आम्ही आरंभीं व्याकरण बाजूस ठेवून परंड्याचा किल्लाच वर्गांत आणतों. १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली 'मलिक-ए-मैदान' तोफ पुढें या किल्ल्यांत होती; १६३२ सालीं ती विजापुरास नेली गेली. त्या तोफेनें विजापुराहून परंड्यास पत्र लिहिलें, तर त्यांत काय असेल? मुलें जोडीजोडीनें पांच इंग्रजी वाक्यें रचितात. त्या दिवशीं आम्ही चुकांवर तांबडी शाई फिरवीत नाहीं. अर्थ कळला कीं नाहीं, एवढेंच पाहतों. पालकहो, तें पत्र घरीं मुलाकडून वाचवून घ्या. आपणांस इंग्रजी येत नसलें तरी ऐका. ऐकणारा भेटला म्हणजे बोलणाऱ्यास धीर येतो.