खंडांमधला संवाद – लेखांक ५ : म्यानमारवरून अडलेली बैठक

मागच्या लेखांकात आपण लेखी करारांनी बांधलेले गट पाहिले. आजच्या मंचाला सनद नाही, सचिवालय नाही आणि कोणावर काही लादण्याचा अधिकारही नाही. ‘आसेम’ म्हणजे आशिया आणि युरोप यांची बैठक. सिंगापूरचे पंतप्रधान गोह चोक टाँग यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली. अमेरिकेची दोन्ही खंडांशी बोलण्याची सोय होती, आशिया-युरोपची आपसांत नव्हती. मार्च १९९६ मध्ये बँकॉकला पहिली शिखर परिषद भरली. तिच्या निमित्ताने पोर्तुगालचे पंतप्रधान अंतोनियो गुतेरेस इंडोनेशियाच्या सुहार्तोंना भेटले. पूर्व तिमोर ही पोर्तुगीज वसाहत इंडोनेशियाने बळकावल्यावरून या दोन देशांचे राजनैतिक संबंध १९७५ पासून तुटलेले होते. एरवी अशा भेटीला मायदेशी केवढा विरोध झाला असता!

पण बंधन नसलेल्या मंचाची खरी परीक्षा २००४ मध्ये झाली. त्या वर्षी १ मे रोजी युरोपीय संघात दहा नवे देश आले. ते ‘आसेम’मध्येही येणार हे युरोपने गृहीत धरलं होतं. त्यावर आसियानने, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने म्हटलं, मग आमचेही तीन नवे सदस्य घ्या : कंबोडिया, लाओस आणि म्यानमार. घोडं अडलं ते म्यानमारवर. तिथे लष्करी राजवट होती, लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची नजरकैदेत होत्या आणि युरोपने निर्बंध लादलेले होते. युरोप म्हणे, या राजवटीशेजारी आम्ही बसणार नाही. आसियान म्हणे, आमच्यातला कोण यायचा हे तुम्ही ठरवू नका. वसाहतींचा काळ अनुभवलेल्या देशांना ही अट झोंबणं साहजिक होतं. युरोपात व्हायच्या अर्थविषयक दोन मंत्रिस्तरीय बैठका रद्द झाल्या. ऑक्टोबरची हनोई परिषदही बारगळते की काय, अशी वेळ आली.

अखेर तोडगा निघाला. तेराही देशांना प्रवेश मिळाला, पण म्यानमारने शासनप्रमुखाऐवजी खालच्या दर्जाचा प्रतिनिधी पाठवायचा. सदस्यसंख्या २६ वरून ३९ झाली. सनद आणि मतदानाचे नियम असते, तर इतकी लवचीक वाट काढणं कठीण गेलं असतं, असं मला वाटतं. त्याच महिन्यात युरोपने म्यानमारवरचे निर्बंध आणखी कडक केले. बोलणी आणि दबाव एकाच वेळी चालू राहू शकतात, हे त्यातून दिसलं. पुढे भारतही या मंचावर आला. २००८ च्या बीजिंग परिषदेत तो प्रथमच सहभागी झाला.

म्यानमारच्या जनतेला या तोडग्याने काही मिळालं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. सू ची यांची सुटका व्हायला नोव्हेंबर २०१० उजाडला. मात्र मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या मुखाकडचा प्रदेश उद्ध्वस्त केला, लाखाहून अधिक माणसं गेली, आणि तरी लष्कराने परदेशी मदतकार्यकर्त्यांना अडवून धरलं. तेव्हा आसियानने मध्यस्थी केली आणि संयुक्त राष्ट्रं व म्यानमार सरकार यांच्यासह त्रिपक्षीय गट उभा केला. अडलेली मदत त्या वाटेने आत गेली. याचं श्रेय ‘आसेम’चं नव्हे. पण म्यानमारशी बोलणं तोडायचं नाही, हा २००४ चा आसियानचा आग्रह मला आज योग्य वाटतो तो या अनुभवामुळे.

पुढच्या आठवड्यात हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांच्या संघटनेकडे वळू.