परिवेष्टी ध्वनियोजना, घरगुती

परिवेष्टी ध्वनियोजना, घरगुती : चित्रपटाचा वा संगीताचा ध्वनी समोरून, बाजूंनी, मागून व वरून येत असल्याचा प्रत्यय श्रोत्यास यावा म्हणून खोलीत केलेली अनेक ध्वनिक्षेपकांची (विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या साधनांची) मांडणी. ध्वनिक्षेपकांकडे संदेश रेडिओ तरंगांनी पाठविला जात असल्यास तिला बिनतारी म्हणतात. अशा जोडणीमुळे तारांची अडचण बरीच कमी होते. परंतु ध्वनिक्षेपकांची जागा व ध्वनी कानी पोहोचण्याची वेळ यांचे नियम बदलत नाहीत.

इतिहास : ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी ब्रिटनमध्ये अर्ज केला. वॉल्ट डिझ्नी यांच्या फँटेझिया (१९४०) या चित्रपटासाठी फँटासाउंड ही बहुमार्गी योजना वापरण्यात आली. १९७०–८० या दशकातील चार मार्गांच्या घरगुती तबकड्या रुजल्या नाहीत. त्यांच्या निरनिराळ्या पद्धती परस्परांशी जुळत नसत. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल पद्धतीने पाच मुख्य मार्ग व मंद्र ध्वनीचा एक स्वतंत्र मार्ग (५·१) अंकीय स्वरूपात चित्रपटगृहांत आले. डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत (चित्रपटगृहांत २०१२, घरांत २०१४) वरून येणाऱ्या ध्वनीची भर पडली. ५·१·४ या लेखनातील शेवटचा अंक वरच्या ध्वनिक्षेपकांची संख्या दाखवितो.

तत्त्व : दोन कानांशी पोहोचणाऱ्या ध्वनींच्या वेळेतील व तीव्रतेतील फरकावरून डावी-उजवी दिशा कळते. वेळेतील हा फरक फार तर सु. ०·७ मिलिसेकंद असतो. उंचीचा बोध मुख्यतः बाह्यकर्णाच्या वळ्यांमुळे ध्वनीत होणाऱ्या बदलांवरून होतो. सु. ८० हर्ट्‌झपेक्षा कमी कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) ध्वनीची दिशा सहसा उमगत नाही. म्हणून मंद्र ध्वनिक्षेपकाच्या जागेबाबत बरीच मोकळीक असते. एकच ध्वनी दोन दिशांनी काही मिलिसेकंदांच्या अंतराने आल्यास तो आधी आलेल्या दिशेचाच वाटतो, हे हेल्मूट हास यांनी १९४९ मध्ये दाखविले. ध्वनीस १ मी. अंतर कापण्यास सु. २·९ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे जवळच्या ध्वनिक्षेपकाचा ध्वनी थोडा रोखून धरावा लागतो.

मांडणी : समोरचे डावे व उजवे ध्वनिक्षेपक मध्यरेषेपासून ३०° वर आणि बाजूचे १००° ते १२०° वर असावेत. छतातील पुढची जोडी श्रोत्याच्या कानापासून ३०° ते ५५° उन्नतीवर व मागची १२५° ते १५०° वर (समोरून मोजून) बसवितात. उदा., छत ३ मी. व कान १ मी. उंचीवर असल्यास या जोड्या श्रोत्याच्या २ मी. पुढे व २ मी. मागे ठेवल्या म्हणजे ४५° व १३५° हे कोन साधतात.

काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ध्वनिक्षेपकासाठी खाच पाडू नये. जिप्समचे फॉल्स सीलिंग असल्यास जड ध्वनिक्षेपकाचा भार त्याच्या फळीवर न टाकता स्लॅबला टांगावा. पाठीमागे बंद पेटी बसविल्यास वरच्या मजल्यावर जाणारा ध्वनी कमी होतो. फॉल्स सीलिंग नसल्यास लहान ध्वनिक्षेपक छताला बाहेरून लावतात किंवा ऊर्ध्वमुखी ध्वनिक्षेपकांचा ध्वनी सपाट, कठीण छतावरून परावर्तित करतात.

बिनतारी जोडणी : बिनतारी असतो तो केवळ संदेश, विवर्धकास वीज लागतेच. छतातील बहुतेक ध्वनिक्षेपकांत विवर्धक नसतो. म्हणून संदेश घेणारा विवर्धक कपाटात वा माळ्यावर ठेवून तेथून आखूड तारा छतात नेतात. वीजवाहक तारा नळीतून व परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच न्याव्यात. घराचे नूतनीकरण चालू असेल, तर छतात सरळ ध्वनितारा टाकणे स्वस्त व भरवशाचे ठरते. बिनतारी पद्धतीचा खरा लाभ तयार घरात, विशेषतः मागील व बाजूच्या ध्वनिक्षेपकांसाठी होतो.

सामान्य ब्लूटूथ जोडणीत ध्वनी अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो. ओठांची हालचाल व शब्द यांतील तफावत मग जाणवू लागते. त्यामुळे अल्प व स्थिर विलंबाची खास प्रणाली वापरावी. विलंब स्थिर असणे अधिक महत्त्वाचे असते. २० मिलिसेकंदांचा स्थिर विलंब म्हणजे ध्वनिक्षेपक जणू ७ मी. दूर सरकणे होय. इतर मार्ग व चित्र तेवढेच रोखून त्याची भरपाई करता येते. सतत बदलणाऱ्या विलंबाची भरपाई मात्र अशा रीतीने होत नाही. २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात वाय-फाय व मायक्रोवेव्ह भट्टी यांचा व्यत्यय संभवतो. काँक्रीटच्या भिंतीने तरंग क्षीण होतात, म्हणून प्रेषक व ग्राही एकाच खोलीत असणे इष्ट.

जुळणी : श्रोत्याच्या जागी ध्वनिग्राहक ठेवून प्रत्येक मार्गाची पातळी समान (उदा., ७५ डेसिबेल) करतात व विलंब मोजून भरतात. शेवटी परिचित संवाद ऐकून पाहावा. शब्द पडद्यावरून आणि पाऊस डोक्यावरून येत असल्याचे वाटावे, पण कोणताही एक ध्वनिक्षेपक वेगळा जाणवू नये, ही योग्य जुळणीची खूण होय.