अंगठा देण्याआधी शिका!

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी. या पट्ट्यातील उघड्या कोळसा खाणींत नव्याने कामाला लागणारा तरुण अनेकदा ठेकेदाराचा माणूस असतो. कोणी भूमिहीन बौद्ध, कोणी आदिवासी, कोणी खाणीत जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमचा प्रश्न साधा आहे. या तरुणाला खाणीत पाठवण्याआधी कोणी काही शिकवते काय?

उघड्या खाणीत डोक्यावर छत नाही, म्हणून धोका नाही, असा गैरसमज आहे. अवाढव्य डंपरच्या चालकाला चाकाजवळ उभा असलेला माणूस दिसतच नाही. बेंचच्या कडेला पडलेली भेग पावसात रुंदावते आणि कडा खाली येते. सुरुंगाआधीचा भोंगा कोणता आणि धोका टळल्याचा कोणता, हे सांगितल्याशिवाय नव्या माणसाला कसे कळणार?

29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडमधील लालमटियाच्या उघड्या खाणीत मातीचा प्रचंड ढिगारा कोसळला आणि 23 कामगार गाडले गेले. तेथील काम ठेक्याने दिलेले होते. काम ठेक्याने देता येते; माणसाच्या जिवाची जबाबदारी ठेक्याने देता येत नाही, हे आम्ही ठणकावून सांगतो.

यासाठी नियम नाहीत असे नाही. खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम 1966 सालचे आहेत. प्रशिक्षणाशिवाय कोणालाही उघड्या खाणीत कामाला लावू नये, हा त्यांचा गाभा. मग तो कामगार कंपनीचा असो वा ठेकेदाराचा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही आपल्या सुरक्षेची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क कामगाराला दिला आहे.

पण व्हीटीसीच्या वर्गात बसवायचे, न कळणाऱ्या भाषेत काहीबाही सांगायचे आणि रजिस्टरवर अंगठा घ्यायचा, याला प्रशिक्षण म्हणायचे काय? हा अंगठा पुढे कामगाराच्याच गळ्याला लागतो. अपघात झाला की साहेब रजिस्टर पुढे करतो. 'याला सगळे शिकवले होते, चूक याचीच!' मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. त्याची विधवा नुकसानभरपाईसाठी खेटे घालते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबाद भागातील कोळसा खाणीत स्वतः उतरले, कामगारांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. दिल्लीतील मंत्री खाणीत उतरू शकतो, तर खाणीच्या दारातला अधिकारी नव्या कामगाराला बेंचवर नेऊन धोका का दाखवू शकत नाही?

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रशिक्षण मराठी, हिंदी, गोंडी अशा कामगाराच्या भाषेत द्या. धोका प्रत्यक्ष खाणीत दाखवा. त्याला कळले की नाही ते तोंडी विचारा आणि मगच सही घ्या. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी कापू नका. कामगार संघटनांनी केवळ कायम कामगारांचे बोनस मोजत न बसता ठेका कामगारांची रजिस्टरे तपासावीत.

आणि बांधवांनो, शिकवले नसेल तर अंगठा देऊ नका. एकटा नकार देईल त्याला ठेकेदार उद्या घरी बसवील. म्हणून नकार दहाजणांनी मिळून द्या. बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले ते यासाठीच.

जयभीम!