विद्युत्क्षेत्राचे द्वार : क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर कसा चालतो आणि त्याचे प्रकार कोणते

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला किंवा बी.एस्सी.ला बसणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : साधा बायपोलर ट्रान्झिस्टर आणि क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर यांत फरक काय? पहिला विद्युतप्रवाहाने नियंत्रित होतो, दुसरा विद्युतदाबाने, असे एका वाक्याचे उत्तर लिहिले की गुण मिळतात. पण हे वाक्य पाठ असलेला विद्यार्थी पुढे दुरुस्तीच्या टेबलाशी बसतो, तेव्हा जळालेल्या भागाच्या जागी कोणता भाग बसवावा हे त्याला त्या वाक्यावरून कळत नाही. कारण हा फरक का आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज या क्षेत्रात काम करीत आहेत आणि अनेक पालकांची मुले त्या वाटेवर आहेत. त्यांच्यासाठी हा ‘का’ शक्य तितक्या सोप्या रीतीने उलगडण्याचा हा प्रयत्न आहे.

पाटकरी आणि त्याची मजुरी

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या पाटावरील दार होय. थोड्याशा संकेताने मोठा प्रवाह सोडणे, अडवणे किंवा कमी-अधिक करणे हे त्याचे काम. बायपोलर ट्रान्झिस्टरमध्ये हे दार उघडे ठेवायचे असेल, तर ‘बेस’ या टोकातून थोडा प्रवाह सतत द्यावा लागतो. पाटकऱ्याला दिवसभर मजुरी दिली तरच त्याने दार उचलून धरावे, तसा हा व्यवहार आहे. मजुरी थांबली की दार पडते.

क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरमध्ये अशी सततची मजुरी नाही. त्याला तीन मुख्य टोके असतात. ‘सोर्स’ म्हणजे उगम, जेथून विद्युतभार निघतात. ‘ड्रेन’ म्हणजे निचऱ्याची जागा, जेथे ते पोहोचतात. आणि ‘गेट’ म्हणजे द्वार. सोर्स आणि ड्रेन यांमधील अर्धवाहकाच्या वाटेला ‘चॅनेल’ म्हणतात. गेटवर विद्युतदाब दिला की त्याचे विद्युत्क्षेत्र चॅनेलमध्ये शिरते आणि तेथील भारांना दूर सारते किंवा जवळ ओढते. गेटमधून चॅनेलमध्ये प्रवाह जाण्याची गरजच नसते. द्वार उघडताना गेटवर थोडा भार जमा करावा लागतो आणि बंद करताना तो काढून घ्यावा लागतो. मधल्या काळात जवळजवळ काहीच खर्च होत नाही.

ही बचत किती मोलाची आहे, हे एका हिशेबाने कळेल. २०२० साली आलेल्या ‘ॲपल एम १’ या संगणक-चिपमध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. त्यांतील प्रत्येकाला चालू राहण्यासाठी फक्त एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, इतकाच नियंत्रण-प्रवाह सतत लागला असता, तर एकट्या नियंत्रणासाठी १६,००० अँपिअर खर्च झाले असते. आपल्या घरातील पंखा-दिव्यांचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. खिशातील मोबाइल दिवसभर चालतो, त्यामागे गेटला मजुरी लागत नाही हे फार मोठे कारण आहे.

कल्पना आधी, वस्तू मागाहून

ही कल्पना नवी नाही. ज्युलिअस लिलिएनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९२५ साली कॅनडात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत अशाच उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. म्हणजे बायपोलर ट्रान्झिस्टरपेक्षा क्षेत्र-परिणामाची कल्पना जुनी आहे. तरीही ती प्रत्यक्षात येण्यास तीन दशके लागली.

१९४५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विल्यम शॉकली यांनी असा प्रयोग करून पाहिला, तेव्हा अर्धवाहकात अपेक्षित बदल दिसला नाही. कारण शोधले जॉन बार्डीन यांनी. स्फटिकाच्या आत प्रत्येक अणू चहूबाजूंनी शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. पृष्ठभागावर मात्र काही बंध मोकळे राहतात. हे मोकळे बंध इलेक्ट्रॉनांना धरून ठेवतात आणि गेटचे विद्युत्क्षेत्र पृष्ठभागावरच अडते. आत काही पोहोचतच नाही. या अडथळ्याचा अभ्यास करता करता बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांना डिसेंबर १९४७ मध्ये वेगळ्याच तत्त्वावरील ट्रान्झिस्टर गवसला. पुढे या दोघांना शॉकलींसह १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला होता. त्यावर दोन तोडगे निघाले आणि त्या दोन तोडग्यांतूनच क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरची दोन मुख्य कुळे जन्मली.

पहिले कूळ : जेफेट

पहिला तोडगा असा : पृष्ठभाग त्रास देतो, तर चॅनेल पृष्ठभागापासून दूर, स्फटिकाच्या पोटात ठेवावे. शॉकली यांनी १९५२ साली याचा सिद्धान्त मांडला आणि पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत तसे उपकरण तयार झाले. यालाच जंक्शन फेट किंवा जेफेट म्हणतात.

समजा, एन-प्रकारच्या सिलिकॉनची एक पट्टी आहे. तिच्यात इलेक्ट्रॉन मुबलक असतात. तिच्या दोन्ही बाजूंना पी-प्रकारचे थर आहेत, तेच गेट. पी आणि एन जेथे भेटतात तेथे दोन्हीकडे मोकळे भार नसलेला एक ओसाड पट्टा तयार होतो. गेटवर ऋण दाब दिला की हा पट्टा रुंदावतो आणि मधली वाट अरुंद होते. दाब आणखी ऋण केला की दोन्ही काठांचे पट्टे एकमेकांना भिडतात आणि वाट बंद होते. गेटवर काहीच दाब नसताना वाट पूर्ण उघडी असते, हे जेफेटचे मुख्य लक्षण लक्षात ठेवावे. त्याला उघडावे लागत नाही, बंद करावे लागते.

येथे एक शंका नेहमी येते. गेट आणि सोर्स एकत्र जोडून ड्रेनवरील दाब वाढवीत नेला, तर प्रवाह आधी वाढतो आणि एका मर्यादेनंतर जवळजवळ स्थिर होतो. ड्रेनकडील टोकाशी ओसाड पट्टे सर्वांत रुंद असल्याने वाट तेथे चिमटली जाते. मग प्रवाह शून्य का होत नाही? याचे उत्तर असे की प्रवाह थांबला, तर चॅनेलच्या लांबीवर दाबाची घसरण उरणार नाही. आणि घसरण नसेल तर चिमटाही उरणार नाही. म्हणून वाढीव दाब त्या चिमटलेल्या छोट्या भागावर पडतो, उरलेल्या चॅनेलवरील दाब तितकाच राहतो आणि प्रवाहही तितकाच राहतो. चिमट्यापर्यंत पोहोचलेले इलेक्ट्रॉन तेथील तीव्र क्षेत्र पलीकडे ओढून नेते.

जेफेटचे गेट उलट्या दिशेने जोडलेल्या डायोडसारखे असते. त्यातून अँपिअरच्या अब्जाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी गळती होते. म्हणून ध्वनिग्राहकातील किंवा मोजमापाच्या उपकरणातील अतिक्षीण संकेत न ओरबाडता टिपण्यासाठी जेफेट आजही उपयोगी पडतो.

दुसरे कूळ : मॉसफेट

दुसरा तोडगा अधिक धाडसी होता : पृष्ठभागापासून पळायचे नाही, तो पृष्ठभागच दुरुस्त करायचा. बेल प्रयोगशाळेतच काम करणारे इजिप्तमध्ये जन्मलेले मोहम्मद अटाला आणि कोरियातून आलेले दावोन कांग यांनी १९५९ साली हे साधले. सिलिकॉन प्राणवायूत तापवला की त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा काचेसारखा थर चढतो. हा थर मोकळे बंध बऱ्याच अंशी बांधून टाकतो आणि स्वतः उत्तम निरोधक असतो. त्यावर धातूचे गेट बसवले. धातू, ऑक्साइड आणि अर्धवाहक या तीन थरांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मॉस’ हे नाव पडले.

याची रचना पाहू. पी-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये एन-प्रकारची दोन बेटे आहेत, एक सोर्स आणि एक ड्रेन. मधल्या जागेवर ऑक्साइड आणि त्यावर गेट. गेटवर दाब नसेल तर दोन बेटांमध्ये वाटच नाही. गेटवर धन दाब दिला की खालचे धन भार दूर सरतात. दाब आणखी वाढवला की इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी गोळा होतात आणि तेथे एन-प्रकारचा अतिशय पातळ थर तयार होतो. ज्या दाबाला ही वाट निर्माण होते त्यास उंबरठा-दाब म्हणतात. अशा मॉसफेटला एनहान्समेंट म्हणजे वृद्धी प्रकार म्हणतात. कारखान्यातच चॅनेल घडवून दिलेला मॉसफेट मात्र जेफेटप्रमाणे आधीपासून उघडा असतो. तो डिप्लीशन म्हणजे ऱ्हास प्रकार. जेफेट सर्वसाधारणपणे ऱ्हास प्रकारचाच असतो, मॉसफेट दोन्ही प्रकारचा मिळतो.

या दोन्ही कुळांत आणखी एक भेद आहे. चॅनेलमध्ये इलेक्ट्रॉन वाहत असतील तर एन-चॅनेल, आणि इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे ‘होल’, वाहत असतील तर पी-चॅनेल. पी-चॅनेलमध्ये सर्व दाबांची चिन्हे उलटी होतात. सिलिकॉनमध्ये होलची चपळता इलेक्ट्रॉनच्या निम्म्याहूनही कमी असल्याने तितक्याच प्रवाहासाठी पी-चॅनेल अधिक रुंद करावे लागते. मोठ्या प्रवाहाच्या कामांत एन-चॅनेल अधिक दिसतो तो यामुळे.

दोहोंची जोडी

१९६३ साली फ्रँक वॅनलास आणि सी. टी. साह यांनी एन आणि पी या दोहोंची पूरक जोडी मांडली. तिलाच सीमॉस म्हणतात. दोघांची गेटे एकत्र जोडलेली असतात; एक उघडा असतो तेव्हा दुसरा बंद. त्यामुळे स्थिर अवस्थेत वीजपुरवठ्यापासून जमिनीपर्यंत सलग वाट राहत नाही. खर्च होतो तो मुख्यतः स्थिती बदलतानाच. आजचे संगणक आणि मोबाइल याच जोडीवर उभे आहेत.

१९६७ साली कांग आणि सायमन झी यांनी गेटखाली, निरोधकात पूर्ण वेढलेले आणखी एक गेट ठेवण्याची कल्पना मांडली. त्यावर अडकवलेला भार वीज गेल्यावरही तेथेच राहतो. पेनड्राइव्हमधील स्मृतीचा उगम या कल्पनेत आहे.

हाताळताना

हे सर्व समजल्यावर व्यवहारातील चार गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप पटतात.

पहिली, ऱ्हास प्रकाराच्या जागी वृद्धी प्रकार बसवू नये. एक दाब नसताना उघडा असतो, दुसरा बंद. बाहेरून दोघांची तीन पाये सारखीच दिसतात.

दुसरी, उंबरठा-दाब म्हणजे पूर्ण उघडण्याचा दाब नव्हे. इन्व्हर्टर आणि मोटार-नियंत्रकांत दिसणाऱ्या ‘आयआरएफझेड ४४ एन’चा उंबरठा २ ते ४ व्होल्ट आहे, पण त्याचा १७.५ मिलिओहम हा अल्प रोध गेटवर १० व्होल्ट असतानाचा आहे. ५ व्होल्टच्या संकेताने तो पूर्ण उघडेल याची हमी नाही. १० अँपिअर वाहताना १७.५ मिलिओहममध्ये पावणेदोन वॅट उष्णता निर्माण होते. तोच रोध ०.२ ओहम राहिला तर २० वॅट. अर्धवट उघडलेले दारच जळते. अशा ठिकाणी कमी दाबाला उघडणारा ‘लॉजिक लेव्हल’ प्रकार निवडावा.

तिसरी, शक्तिशाली मॉसफेटच्या अंगातच सोर्सपासून ड्रेनकडे एक डायोड असतो. गेट बंद असले तरी उलट्या दिशेचा प्रवाह त्यातून जातो. बॅटरीच्या जोडणीत हे विसरता कामा नये.

चौथी, गेटचा ऑक्साइड अतिशय पातळ असतो. बहुतेक शक्तिशाली मॉसफेटना गेटवर २० व्होल्टच्या वर दाब देऊ नये, असे तक्त्यात लिहिलेले असते. आणि कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यांत वावरताना आपल्या शरीरावर हजारो व्होल्टचा स्थिर भार साठू शकतो. म्हणून हे भाग वाहक पिशवीतच ठेवावेत आणि हाताळण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. गेट कधीही अधांतरी सोडू नये. त्यावर साचलेला भार दार नको तेव्हा उघडतो.

आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ‘बीएफडब्ल्यू १०’ हा जेफेट अनेक वर्षे वापरला जात आला आहे. विद्यार्थी आलेख काढतात, वहीवर सही घेतात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात. पुढच्या वेळी तो आलेख चढता चढता जेथे आडवा होतो, तेथे क्षणभर थांबावे आणि त्या वळणाशी चॅनेलमध्ये काय घडत आहे ते आपल्या शब्दांत सोबत्याला सांगून पाहावे. सांगता आले, तर दुरुस्तीच्या टेबलाशी बसल्यावर कोणता भाग कोठे चालेल हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.