फाटलेली कानाची पाळी
मैत्रिणींनो, जड झुब्यांनी पाळी फाटली आणि ती शिवायची म्हटलं, की ‘या वयात कशाला हौस?’ असं ऐकावं लागतं. आम्ही म्हणतो, कान आपला, ठरवायचंही आपणच. फाटलेल्या कडांवर कातडी आलेली असते, त्या आपोआप जुळत नाहीत. डॉक्टर पाळी बधिर करून ती कातडी काढतात नि टाके घालतात. औषध लावून कान चिकटवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका, कातडी भाजते. शिवल्यावरही रेघ राहतेच, एखादीला खाच पडते. हे आधीच विचारून घ्या. पूर्वीच्या जखमेचा वण फुगून वाढला असेल तर डॉक्टरांना सांगा, इथेही तसंच होऊ शकतं. नवं भोक निदान २-३ महिन्यांनी, वण सोडून शेजारी पाडायचं. झुबे घालायचेच तर वेल लावून, तेही सणावारी.