सर्फबोर्डचे फिन

सर्फबोर्डचे फिन : समुद्राच्या फुटणाऱ्या लाटेवरून घसरत जाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फळीच्या (सर्फबोर्डच्या) तळाशी, शेपटाकडील भागात उभे बसविलेले पातळ पाते. माशाच्या पराशी साम्य असल्याने त्यास पर म्हणता येईल. व्यवहारात फिन हाच शब्द रूढ आहे. फळी सरळ रेषेत ठेवणे, लाटेच्या उतारावरून तिला कडेने घसरू न देणे आणि वळण घेताना पाण्याचा आधार मिळवून देणे, ही फिनची तीन मुख्य कार्ये होत. फिनचा आकार, आकारमान व संख्या यांची निवड आरूढ होणाऱ्या व्यक्तीचे वजन, तिचे कौशल्य आणि त्या किनाऱ्यावरील लाटांचे स्वरूप यांवर अवलंबून असते.

इतिहास : हवाई बेटांतील प्राचीन लाकडी फळ्यांना फिन नसत. दिशा बदलण्यासाठी पाय पाण्यात बुडवून ओढीत न्यावा लागे व तीव्र उताराच्या लाटेवर फळीचे शेपूट कडेने घसरे. अमेरिकन जलक्रीडापटू टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये एका टाकून दिलेल्या वेगनौकेचा कणा आपल्या फळीच्या तळाशी बसविला. हाच सर्फबोर्डचा पहिला फिन मानला जातो. बॉब सिमन्स यांनी १९४० नंतरच्या दशकात दोन फिनांचे प्रयोग केले. जॉर्ज ग्रीनो यांनी १९६० नंतरच्या दशकात जलद पोहणाऱ्या माशांच्या अवयवांवरून अरुंद, मागे झुकलेला व लवचिक फिन तयार केला. या धर्तीचा फिन असलेल्या फळीवर नॅट यंग यांनी १९६६ ची जागतिक स्पर्धा जिंकली.

मार्क रिचर्ड्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूने १९७९ ते १९८२ या काळात दोन फिनांच्या फळीवर सलग चार जागतिक विजेतेपदे मिळविली. तथापि ही चपळ फळी सर्वांनाच मानवली नाही. उंच व भारदस्त शरीरयष्टीच्या सायमन अँडरसन यांच्या जोराच्या वळणांत ती निसटत असे. त्यांनी १९८० मध्ये दोन्ही बाजूंच्या फिनांच्या जोडीला मागे मध्यभागी तिसरा, तितक्याच आकारमानाचा फिन बसविला आणि १९८१ मध्ये बेल्स बीच येथील स्पर्धा मोठ्या लाटांत जिंकली. थ्रस्टर या नावाने ओळखली जाणारी ही रचना आज सर्वाधिक प्रचलित आहे. शरीरयष्टीला साधन जुळत नसेल, तर दोष शरीराचा न मानता साधन बदलावे, या दृष्टिकोनातून ती जन्मास आली, हे लक्षणीय आहे. १९९० नंतरच्या दशकात फळीतील खाचेत स्क्रूने बसविण्याचे, काढता-घालता येणारे फिन प्रचारात आले आणि एकाच फळीवर वेगवेगळे फिन वापरून पाहणे शक्य झाले.

रचना : फिनच्या फळीला टेकलेल्या कडेच्या लांबीस पाया, पायापासून टोकापर्यंतच्या लंब अंतरास खोली आणि पाते मागे झुकल्याच्या कोनास झुकाव म्हणतात. तीन फिनांच्या संचातील मध्यम मापाच्या फिनचा पाया व खोली प्रत्येकी सु. ११ सेंमी. आणि क्षेत्रफळ सु. ९५ चौ. सेंमी. असते. लांब फळीचा एकटा फिन १८ ते २५ सेंमी. खोल असतो. रुंद पाया वळणातून बाहेर पडताना गती देतो. अधिक खोली पकड वाढविते. अधिक झुकावामुळे वळणे लांब व स्थिर होतात, तर कमी झुकावाचे उभट पाते लहान त्रिज्येत वळते.

बाजूंचे फिन बाहेरच्या अंगास काही अंश कललेले व त्यांच्या पुढील कडा फळीच्या मध्यरेषेकडे किंचित वळलेल्या असतात. त्यांचा आतील पृष्ठभाग बहुधा सपाट व बाहेरचा फुगीर असतो. मधला फिन दोन्ही अंगांस सारखा फुगीर असतो. म्हणून डावा व उजवा फिन यांची अदलाबदल करून चालत नाही. फिन काचतंतू व रेझीन, प्लॅस्टिक किंवा कार्बनतंतू यांचे करतात. ताठ फिन तत्काळ प्रतिसाद देतो. लवचिक फिन चुका काही प्रमाणात सामावून घेतो, मात्र अधिक वेगात पकड सोडतो.

शरीरयष्टी व आकारमान : वळताना फिन पाण्याच्या प्रवाहाशी अल्प कोन करतो आणि त्यावर आडवे बल निर्माण होते. हे बल फिनचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढते. वर्तुळाकार वळणासाठी लागणारे केंद्राभिमुख बलही वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. दोन्हींतील वेगाचा वर्ग सारखाच असल्याने, इतर बाबी समान असताना, वळणाची त्रिज्या वस्तुमान व फिनचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर ठरते. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस योग्य असलेल्या फिनवर ८५ किग्रॅ. वजनाची व्यक्ती उभी राहिली, तर तितक्याच त्रिज्येचे वळण घेण्यासाठी तत्त्वतः सु. ४० टक्के अधिक क्षेत्रफळ लागेल. प्रत्यक्षात फळीची कड व तळ हेही काही भार वाहतात. म्हणून बाजारातील लहान व मोठ्या मापांत एवढा फरक नसतो.

तीन फिनांच्या संचासाठी साधारणतः पुढील वर्गवारी मानतात : ५५ किग्रॅ. पर्यंत अतिलहान, ५५ ते ७० लहान, ६५ ते ८० मध्यम, ७५ ते ९० मोठे आणि ८५ किग्रॅ. पेक्षा अधिक वजनास अतिमोठे माप. मर्यादा एकमेकींवर येतात, त्या हेतुपुरस्सर : सीमेवरील वजनाच्या व्यक्तीने दुर्बल लाटांत लहान व जोरकस लाटांत मोठे माप घ्यावे. उंचीपेक्षा वजन अधिक निर्णायक असते. मागील पायावर भार देऊन वळणाऱ्यास मधला फिन मोठा लागतो. पुढील पायावर भार देणाऱ्यास लहान चालतो. फिन गरजेपेक्षा लहान असल्यास शेपूट घसरते. मोठा असल्यास फळी जड वाटते, वळत नाही आणि ओढ वाढून वेग घटतो. नवशिक्यास ही लक्षणे स्वतःच्या अकौशल्याची वाटतात व तो अकारण निराश होतो.

लाटांचे स्वरूप : लाट कोठे व किती काळ वाऱ्याखाली वाढली, यावर तिची शक्ती अवलंबून असते. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरांत काढण्यासाठी आवर्तकालाच्या (सेकंदांतील) वर्गास १.५६ ने गुणतात. दक्षिण हिंदी महासागरातून येणाऱ्या १२ से. आवर्तकालाच्या लाटेची लांबी सु. २२५ मी. भरते, तर स्थानिक वाऱ्याने उठलेल्या ४ से. लाटेची केवळ सु. २५ मी. बीड जिल्ह्यातील सिंदफणा नदीवरील माजलगाव जलाशयासारख्या अंतर्गत पाण्यावर वाऱ्यास धावण्यास थोडेच अंतर मिळते. तेथील २ से. आवर्तकालाची लाट जेमतेम ६ मी. लांब असते आणि दोन-तीन मीटरांच्या फळीस तिच्यावर आरूढ होता येत नाही. अशा भागातील शिकाऊ व्यक्तीस फळीवर पालथे पडून वल्हविण्याचा सराव, तोही परवानगी असलेल्या सुरक्षित पाण्यात, करता येईल; फिनची खरी परीक्षा समुद्रावरच होते.

लाटेच्या उंचीच्या सु. १.३ पट खोली उरली, की लाट फुटू लागते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटते. अशा उथळ पाण्यात खोल फिन वाळूस लागण्याचा व तुटण्याचा संभव असतो.

कोकण व गोवा : महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यांवर लाटा बहुधा वाळूच्या दांड्यांवर फुटतात आणि दांड्यांची जागा दर पावसाळ्यानंतर बदलते. ऑक्टोबर ते मे या काळात समुद्र सामान्यतः सौम्य असतो. डिसेंबर ते मार्चमध्ये अरबस्तानातील शमल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून येतात. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने पृष्ठभाग खडबडीत होतो. त्यामुळे सकाळची वेळ अधिक अनुकूल असते. भरती-ओहोटीतील फरक उत्तरेकडे वाढत जातो. त्यामुळे एकच किनारा काही तासांत वेगळा भासतो.

या सौम्य, कमी शक्तीच्या लाटांत दोन प्रकारची निवड उपयुक्त ठरते. नवशिक्याने लांब व जाड फळी, तिच्यावर एक मोठा फिन किंवा तीन लवचिक प्लॅस्टिकचे फिन वापरावेत. अनुभवी व्यक्तीस आखूड व रुंद फळीवर रुंद पायाचे, कमी झुकावाचे दोन किंवा चार फिन सोयीचे. मधला फिन नसल्याने ओढ कमी होते व दुर्बल लाटेवरही वेग टिकतो. लाट खांद्याच्या उंचीपलीकडे गेल्यास तीन फिनांचा, अधिक झुकावाचा संच घ्यावा.

जून ते सप्टेंबरमधील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यासमोर तीन मीटरांहून अधिक उंचीच्या लाटा वारंवार येतात आणि समुद्राकडे ओढणारे प्रवाह बळावतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते, यावरून समुद्राच्या स्थितीची कल्पना यावी. फिन बदलून हा धोका कमी होत नाही. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे उंच लाटांविषयीचे इशारे व किनाऱ्यावरील लाल निशाण यांचे पालन करणे हाच उपाय होय.

भारतात या खेळाचे संघटित प्रशिक्षण कर्नाटकातील मुल्की येथे २००४ मध्ये सुरू झाले. उत्तर गोव्यात हरमल, मांद्रे व आश्वे या किनाऱ्यांवर ते दिले जाते. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) या खेळाचा प्रथमच समावेश झाला.

निवड व दक्षता : प्रथम वजनानुसार माप ठरवावे, नंतर नेहमीच्या लाटांनुसार आकार व संख्या आणि शेवटी कौशल्यानुसार ताठपणा ठरवावा. एका वेळी एकच बाब बदलावी. अन्यथा कोणत्या बदलाने काय साधले, हे कळत नाही. सरकत्या खाचेतील एकटा फिन पुढे घेतल्यास फळी सहज वळते, मागे नेल्यास स्थिर होते. वर्षातील थोडेच दिवस समुद्रावर येणाऱ्याने दोन-तीन संच घेण्यापेक्षा आपल्या वजनाचा एकच मध्यम झुकावाचा संच घेणे श्रेयस्कर.

काचतंतूच्या फिनची मागील कड धारदार असते व पडताना तिच्यामुळे खोल जखम होऊ शकते. नवीन फिनची कड बारीक काचकागदाने किंचित बोथट करावी. पाण्यात उतरण्यापूर्वी स्क्रू घट्ट असल्याची खात्री करावी व फिन बुडतील इतक्या पाण्यात पोहोचेपर्यंत फळी उचलून न्यावी. पडताना डोके हातांनी झाकावे, उथळ पाण्यात सूर मारू नये आणि वर येताना एक हात पुढे ठेवावा. कारण पायाच्या दोरीने बांधलेली फळी, फिन वर असलेल्या स्थितीत, बहुधा जवळच असते.