गाडीच्या नावातला आकडा आणि हौद्यातले वजन

बेळगावहून गोव्याला रोज भाजीपाला जातो. या वाहतुकीवर आपल्यातील कित्येक कुटुंबांचे घर चालते. मुलगा हाताशी आला की एक पिकअप घेऊन द्यावी, असा विचार घराघरांत होतो. शोरूममध्ये गेल्यावर मात्र १.३, १.७, व्ही ३०, एचडी २.०, ४०७ असे आकडे कानावर पडतात आणि सेल्समन सांगेल ते खरे मानावे लागते. आम्ही बँकेत असताना वाहनकर्जाची शेकडो कोटेशन्स पाहिली. कर्ज फिटणार की थकणार, हे पुष्कळदा या आकड्याचा अर्थ घरच्यांना कळला आहे की नाही, यावर ठरते.

दोन वेगळी वजने

आधी दोन वजनांतला फरक समजून घेऊ. गाडी, माल, चालक, क्लीनर आणि डिझेल या सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त जेवढे वजन रस्त्यावर चालते, ते सकल वजन. यालाच जीव्हीडब्ल्यू म्हणतात. आरसीवर ते 'लेडन वेट' म्हणूनही लिहिलेले असते. रिकाम्या गाडीचे वजन म्हणजे 'अनलेडन वेट'. पहिल्यातून दुसरे वजा केले की गाडीची वाहनक्षमता मिळते.

नावातला आकडा यांपैकी कोणत्या वजनाचा, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. खरा घोळ इथेच होतो.

मोठे ट्रक : आकडा सकल वजनाचा

टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. नावे देण्याची पद्धतही तिकडचीच आली. '१६१३' या नावात पहिले दोन अंक सकल वजनाचे, म्हणजे १६ टन, आणि पुढचे दोन अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे १३०. म्हणून १६१३ मध्ये १६ टन माल बसतो असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. गाडीचे स्वतःचे वजन त्या १६ टनांतच धरलेले आहे.

१९८६ साली आलेली ४०७ याच पद्धतीची. सकल वजन चार टनांच्या आसपास, अश्वशक्ती सत्तरच्या आसपास. पुढे इंजिने बदलली, ताकद वाढली, पण लोकांच्या तोंडी बसलेले नाव तेच राहिले. २०१८ साली केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली. त्यानंतर बाजारात १९ ने सुरू होणारी नावे दिसू लागली, त्याचे कारण हेच.

पिकअप : आकडा मालाचा

पिकअपमध्ये बहुधा उलटे असते. बोलेरो पिकअपच्या नावापुढील १.३ किंवा १.७ हे टन मालाचे आहेत. एचडी २.० म्हणजे दोन टन माल. 'एचडी' म्हणजे हेवी ड्यूटी. टाटा योद्धा १७०० मधला आकडा किलोचा. इंट्रामध्ये मात्र ही रीत चालत नाही. व्ही ३० ची क्षमता १,३०० किलो आणि व्ही ५० ची १,५०० किलो आहे. तिथे नाव हे फक्त नाव आहे.

हप्त्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, आरसीवर सकल वजन २,९५० किलो आणि रिकामे वजन १,६५० किलो आहे. वजाबाकी १,३०० किलो. पन्नास किलोची पोती धरली तर २६ पोती. पण कायद्याच्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात चालक आणि क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे १५० किलो वजा करा. उरले १,१५० किलो, म्हणजे २३ पोती. नंतर हौद्यावर लोखंडी सांगाडा चढवला तर त्याचेही वजन यातूनच जाते.

आता २६ पोत्यांच्या भाड्यावर हप्ता बसवला असेल, तर प्रत्येक फेरीत तीन पोत्यांची तूट पहिल्या दिवसापासून ठरलेली. ती भरून काढायला मुलगा तीस-पस्तीस पोती भरू लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड, त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एकदा पकडले की महिन्याचा हप्ता गेला. शिवाय चोर्ला घाट उतरताना जादा वजनाने ब्रेक तापतात. तिथे प्रश्न पैशाचा राहत नाही.

परवान्याविषयी

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आहे. त्यानुसार एलएमव्ही परवाना असलेल्या चालकाला ७,५०० किलोपर्यंत सकल वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी परवान्यावर वेगळ्या नोंदीची गरज नाही. सर्व पिकअप आणि ४०७ या मर्यादेत बसतात, १६१३ बसत नाही. अपघातानंतर विम्याचा दावा करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत.

सही करण्यापूर्वी

कोटेशनवर सकल वजन आणि रिकामे वजन हे दोन्ही आकडे लिहून मागावेत. जुनी गाडी घेत असाल तर आरसी स्वतः वाचावी, आणि हौदा बदललेला असल्यास रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन पाहावी. मग कायदेशीर भरेल तेवढ्याच मालाचे भाडे धरून, महिन्याच्या फेऱ्या मोजून, हप्ता झेपतो का ते पाहावे. झेपत नसेल तर लहान गाडी घ्यावी किंवा स्वतःची रक्कम वाढवून कर्ज कमी काढावे. जादा पोत्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये, एवढेच सर्व सभासदांना आमचे सांगणे आहे.